पाण्याच्या ताळेबंदाची आज्ञावली : मालकी कोणाची, उपयोग कोणाचा?

शासनाच्या खर्चाने एखाद्या शिवारात पाझर तलाव बांधला जातो, तेव्हा प्रत्यक्ष बांधकाम कंत्राटदार करतो. काम पुरे झाले व देयक मिळाले म्हणजे तो आपली यंत्रसामग्री घेऊन निघून जातो. पैसा जनतेचा होता, म्हणून तलावही जनतेचा, हा न्याय सर्वांना ठाऊक आहे. पुढे तलावात गाळ साचला तर तो काढण्यासाठी मूळ कंत्राटदाराची परवानगी घेण्याची कल्पनाही कोणाच्या मनात येत नाही.

गेल्या काही वर्षांपासून शासनाच्या खर्चाने गावासाठी आणखी एका प्रकारची कामे होऊ लागली आहेत. ती डोळ्यांना दिसत नाहीत. संगणकावर व मोबाइलवर चालणाऱ्या आज्ञावली, ज्यांना सॉफ्टवेअर व बोलण्यात ॲप म्हणतात, त्या याच वर्गातील होत. पिकांची नोंद, अनुदानाचा अर्ज, पावसाचे आकडे, गावाच्या पाण्याचा हिशेब ही सर्व कामे आता त्यांच्यावर सोपविलेली आहेत. या आज्ञावलींना मात्र पाझर तलावाचा न्याय आपोआप लागू होत नाही. त्या कोणाच्या मालकीच्या, त्यांची प्रत कोणाला काढता येते व त्यात दुरुस्ती कोणाला करता येते, हे प्रताधिकाराचा, म्हणजेच कॉपीराइटचा, कायदा व त्या कामाचा करार ठरवितो. हा विषय वकिलांचा आहे असे समजून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो दूर ठेवू नये. एखादा प्रकल्प संपल्यावर गावाच्या हाती काय उरणार, याचे उत्तर त्यात आहे.

पाण्याचा ताळेबंद व वसमतची शेती

वसमत तालुक्यातील शेती किती अंशी पाण्याच्या हिशेबावर उभी आहे, हे तेथील शेतकऱ्यांना सांगावयास नको. हळद हे या भागाचे प्रमुख नगदी पीक. मे-जूनमध्ये बेणे लावले की पीक आठ ते नऊ महिने शेतात उभे असते. पाऊस ऑक्टोबरात परततो. गड्डे पोसण्याचा काळ मात्र पुढेच असतो. त्या काळात विहीर, बोअर किंवा कालवा यांवरच भिस्त. तालुक्याच्या काही भागाला पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर धरणांच्या कालव्यांचा लाभ होतो. उरलेल्या भागात जमिनीत किती पाणी मुरले, यावरच हंगाम ठरतो. म्हणून पावसाळा संपता संपता गावात किती पाणी आहे व उभ्या पिकांना किती लागेल, याचा अंदाज बांधणे हे चैनीचे काम नसून निकडीचे आहे.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, जो ‘पोकरा’ या नावाने गावोगावी परिचित आहे, त्याने या हिशेबाला शास्त्रीय रूप दिले. जागतिक बँकेने २०१८ च्या फेब्रुवारीत या प्रकल्पासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. मराठवाड्याचे आठ जिल्हे, विदर्भाचे सहा जिल्हे व जळगाव अशा पंधरा जिल्ह्यांतील निवडक गावे पहिल्या टप्प्यात घेण्यात आली. त्यांत हिंगोली जिल्ह्याचा समावेश होता. पवई येथील आय. आय. टी. मुंबई या संस्थेने प्रकल्पासाठी पाणी-ताळेबंदाची पद्धती व तिची आज्ञावली तयार केली. रोजचा पाऊस, जमिनीचा पोत व खोली, उतार, जमिनीचा वापर व पिके ही माहिती तीत भरली असता किती पाणी वाहून गेले, किती मातीत राहिले, किती भूगर्भात मुरले व पिकांना किती कमी पडले, याचे उत्तर गावनिहाय मिळते. त्या उत्तरावरून शेततळी, बांधबंदिस्ती, नाला खोलीकरण इत्यादी कामांचा आराखडा ठरतो.

पावसाचे आकडे मिळण्यासाठी राज्यात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे एका खाजगी कंपनीच्या भागीदारीत उभारली गेली. पिकांच्या नोंदीसाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली. तिची आज्ञावली टाटा ट्रस्टच्या साहाय्याने घडली. म्हणजे एका गावाचा पाण्याचा हिशेब पुरा होण्यास शासकीय खाते, स्वायत्त संस्था, खाजगी कंपनी व विश्वस्त निधी असे चार हात लागू शकतात. यांपैकी प्रत्येकाने केलेल्या कामाची मालकी कायद्याने निराळी ठरू शकते.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशाचा प्रताधिकार अधिनियम १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्या काळी संगणक शेतकऱ्याच्या स्वप्नातही नव्हता. पुढे १९८४ साली अधिनियमात दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीला ‘साहित्यकृती’ मानण्यात आले. कवीची कविता व संगणकाची आज्ञावली कायद्याच्या दृष्टीने एकाच पंक्तीत बसतात, हे ऐकून नवल वाटेल. परंतु दोन्ही गोष्टी कोणीतरी लिहिलेल्या असतात, एवढे साम्य त्यासाठी पुरेसे ठरले.

सर्वसाधारण नियम असा की, कृती जो लिहितो तोच तिचा पहिला मालक. या नियमाला कलम १७ मध्ये काही अपवाद आहेत. ते पुढीलप्रमाणे समजून घ्यावेत.

१. नोकराने नोकरीच्या कामात आज्ञावली लिहिली, तर विरुद्ध करार नसल्यास तिचा पहिला मालक नोकरी देणारा होय.

२. शासनाने किंवा शासनाच्या निर्देशाखाली वा नियंत्रणाखाली घडविलेली अथवा प्रसिद्ध केलेली कृती ही ‘शासकीय कृती’ होय. विरुद्ध करार नसेल तर तिचे पहिले मालक शासन होय.

३. कायद्याने स्थापन झालेले मंडळ, विद्यापीठ किंवा सार्वजनिक उपक्रम यांनी अथवा त्यांच्या नियंत्रणाखाली घडविलेल्या कृतीची पहिली मालकी त्या संस्थेकडे जाते. येथेही करार निराळा असल्यास करार प्रमाण. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ किंवा आय. आय. टी. यांसारख्या संस्था या वर्गात मोडतात.

४. खाजगी कंपनी आपल्या पगारी माणसांकडून काम करवून ते शासनास पुरविते, तेव्हा शासनाचे नियंत्रण किती होते व करारात काय लिहिले आहे, यावर निर्णय अवलंबून राहतो. शासनाने केवळ अनुदान दिले, एवढ्यावरून ती शासकीय कृती ठरत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पैसा कोणी दिला, हा प्रश्न कायदा प्रथम विचारीत नाही. काम कोणी केले, कोणाच्या नियंत्रणाखाली केले व लेखी काय ठरले, हे तो विचारतो. पाझर तलाव व आज्ञावली यांतील फरक नेमका येथे आहे.

कराराच्या बाबतीत आणखी एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रताधिकार एकाकडून दुसऱ्याकडे द्यावयाचा तर कलम १९ प्रमाणे तो लेखी व सहीनिशी दिला पाहिजे. त्या लेखात मुदत नमूद केली नसेल, तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश नमूद केला नसेल, तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणजे ‘सर्व हक्क शासनास दिले आहेत’ एवढेच मोघम वाक्य लिहून मुदतीचा रकाना कोरा ठेवला, तर पाच वर्षांनी मालकीचा प्रश्न पुन्हा उभा राहू शकतो. शेतजमिनीच्या बटाईत मुदत न लिहिण्याचे परिणाम ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातील धोका निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

मालकी शासनाची झाली म्हणजे सर्व झाले काय?

बहुतेकांची समजूत अशी असते की, आज्ञावली शासनाच्या मालकीची ठरली म्हणजे ती सर्वांना मोकळी झाली. ही समजूत बरोबर नाही. शासनाचा प्रताधिकार हाही प्रताधिकारच होय. मूळ अधिनियमात शासकीय कृतीसाठी पन्नास वर्षांची मुदत होती. १९९२ साली ती साठ वर्षे करण्यात आली. ज्या वर्षी कृती प्रथम प्रसिद्ध झाली त्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ही साठ वर्षे मोजतात. एखादी शासकीय आज्ञावली २०१९ साली प्रसिद्ध झाली असेल, तर तिच्यावरील हक्क २०७९ सालाच्या अखेरपर्यंत चालेल. आज जन्मलेले मूल तोपर्यंत पन्नाशी ओलांडून गेलेले असेल.

राजपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर, विधिमंडळापुढे ठेवलेले समित्यांचे अहवाल, न्यायालयाचे निर्णय अशा काही शासकीय कृतींच्या प्रती काढण्यास कायद्याने सूट दिली आहे. आज्ञावलींना अशी सर्वसाधारण सूट नाही. म्हणून शासकीय आज्ञावली गावाला, शेतकरी उत्पादक कंपनीला किंवा एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला वापरता, अभ्यासता व सुधारता यावी अशी इच्छा असेल, तर शासनाने तसा परवाना स्पष्ट शब्दांत द्यावा लागतो.

अशा परवान्यांचे नमुने जगात तयार आहेत. पोकरा प्रकल्पातील ताळेबंदाचे गणित ज्या नकाशा-प्रणालीला जोडून चालविले गेले, ती ‘क्यूजीआयएस’ ही प्रणाली त्याचे चांगले उदाहरण होय. २००२ साली आरंभ झालेली ही प्रणाली ‘जीपीएल’ नावाच्या मुक्त परवान्याखाली दिली जाते. कोणीही ती विनामूल्य घ्यावी, मूळ आज्ञा, म्हणजे सोर्स कोड, वाचाव्या, त्यांत बदल करावा व इतरांस द्यावी. अट एवढीच की, बदललेली प्रत दुसऱ्यास देताना त्यालाही तोच अधिकार द्यावा. विरजण शेजाऱ्याकडून आणले, तर उद्या दुसऱ्या शेजाऱ्याला नाही म्हणू नये, असाच हा रिवाज आहे.

केंद्र शासनाने या दिशेने धोरण आखले आहे. २०१५ साली शासकीय कामांत मुक्त आज्ञावलींचा स्वीकार करण्याचे एक व शासकीय आज्ञावलींच्या मूळ आज्ञा खुल्या करून सहकार्याने त्यांचा विकास करण्याचे दुसरे, अशी दोन धोरणे जाहीर झाली. करोनाच्या साथीत २ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ‘आरोग्य सेतू’ या ॲपच्या अँड्रॉइड मोबाइलवरील आवृत्तीच्या मूळ आज्ञा त्याच वर्षी २६ मे रोजी खुल्या करण्यात आल्या. धोरण आहे व त्याचा दाखलाही आहे. प्रत्येक खात्याच्या प्रत्येक करारात ते उतरविणे हे काम राहते.

इतर देशांतील पद्धत

अमेरिकेत केंद्र शासनाच्या नोकरांनी आपल्या कामाचा भाग म्हणून घडविलेल्या कृतीवर त्या देशात प्रताधिकार नसतो. तसे त्यांच्या १९७६ च्या कायद्याच्या कलम १०५ मध्ये म्हटले आहे. तेथील कृषी खात्याची संशोधन शाखा व टेक्सास येथील विद्यापीठ यांनी विकसित केलेली ‘स्वॅट’ ही माती व पाणी यांची आज्ञावली सर्वांना मोकळी आहे. आपल्या देशातील नद्यांच्या खोऱ्यांचा अभ्यास करणारे संशोधकही ती वापरतात. अमेरिकेच्या शेतकऱ्याच्या करातून निघालेले साधन आपल्या खोऱ्यांच्या कामी येते, ते त्यावर कुलूप नसल्यामुळे. तथापि तेथेही कंत्राटदाराने केलेल्या कामाला हा नियम आपोआप लागू होत नाही. तेथेही करारच पाहावा लागतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने पिकांच्या पाण्याची गरज काढण्यासाठी ‘क्रॉपवॅट’ ही आज्ञावली फार पूर्वीपासून विनामूल्य उपलब्ध ठेवली आहे. पाण्यानुसार उत्पादनाचा अंदाज देणारी ‘ॲक्वाक्रॉप’ ही तिची दुसरी आज्ञावली २००९ साली आली. २०२२ साली तिच्या मूळ आज्ञाही मुक्त परवान्याखाली खुल्या झाल्या. विनामूल्य वापर व मूळ आज्ञांची मोकळीक या दोन पायऱ्या निराळ्या आहेत, हे या उदाहरणावरून दिसून येईल. पहिल्या पायरीवर आपण केवळ वापरणारे असतो; दुसरीवर आपल्याला ते साधन आपल्या मातीला व आपल्या भाषेला जुळवून घेता येते.

बियाण्याचा कायदा व आज्ञावलीचा कायदा

शेतकऱ्यांना हा मुद्दा बियाण्याच्या उदाहरणावरून अधिक चटकन पटेल. हळदीचे जेठे गड्डे राखून ठेवणे, नात्यागोत्यात देणे, शेजाऱ्याशी बदलणे ही रीत जुनी आहे. वाणांवर पैदासकारांचे हक्क मान्य करण्याची वेळ आली, तेव्हा संसदेने २००१ साली वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम केला. त्याच्या कलम ३९ मध्ये शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा व विकण्याचा हक्क दिला. फक्त छाप मारून नाममुद्रेखाली ते विकू नये, एवढीच मर्यादा घातली. पैदासकाराचा मोबदला व शेतकऱ्याची परंपरा या दोहोंचा मेळ कायद्यानेच घातला आहे.

प्रताधिकाराच्या कायद्यात शेतकऱ्यासाठी असे स्वतंत्र कलम नाही. बियाण्याच्या बाबतीत जे काम संसदेने केले, ते आज्ञावलीच्या बाबतीत करार लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला करावे लागते. त्याने लिहिले तर गावाला हक्क मिळतो. लिहावयाचे राहिले तर कोणी दुष्टपणा न करताही हक्क निसटतो.

आक्षेपांचा विचार

मूळ आज्ञा खुल्या करण्यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांत तथ्य किती हे पाहिले पाहिजे.

पहिला आक्षेप खर्चाचा. कंपनीकडे मालकी ठेवली तर ती तेच साधन इतरत्र विकू शकते व म्हणून शासनाला कमी दर लावते. हे खरे असू शकते. परंतु पुढे प्रत्येक दुरुस्तीसाठी त्याच कंपनीकडे जावे लागले, तर आरंभीची बचत दुरुस्तीच्या देयकांत संपून जाण्याचा संभव असतो. एकाच कारागिराला दुरुस्त करता येईल असे इंजिन विहिरीवर बसविण्यापूर्वी शेतकरी दहादा विचार करतो. शासनानेही तसाच विचार करावा.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. मूळ आज्ञा उघड केल्या तर शेतकऱ्याचा आधार क्रमांक, बँक खाते, जमिनीचा तपशील उघडा पडेल, अशी भीती घातली जाते. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. आज्ञावली ही खतावणीच्या वहीतील आखीव रकान्यांसारखी असते; शेतकऱ्याची माहिती ही त्यात भरलेली नोंद. रकाने कसे आखले हे सांगितल्याने कोणाची नोंद उघड होत नाही. नोंदी बंदच राहिल्या पाहिजेत. आखणी खुली असावी.

तिसरा आक्षेप देखभालीचा, व तो सर्वांत विचारार्ह आहे. मूळ आज्ञा खुल्या केल्या म्हणून त्या सांभाळणारा माणूस आपोआप मिळत नाही. पाझर तलाव गावाच्या मालकीचा असूनही गाळ कोणी काढला नाही तर तो भरून जातो, तसेच हे आहे. म्हणून मालकी व परवाना यांबरोबर कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र, तंत्रनिकेतन यांपैकी कोणाकडे देखभाल राहील, हेही ठरवावे लागते. परंतु आज्ञा बंद असतील तर सांभाळण्याची इच्छा व पात्रता असणाऱ्यालाही हात लावता येत नाही.

गावाने काय करावे?

पोकरा प्रकल्पाचा दुसरा टप्पा एकवीस जिल्ह्यांसाठी मंजूर झाला आहे. वसमत येथे बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हरिद्रा, म्हणजे हळद, संशोधन व प्रशिक्षण केंद्र झाले आहे. यापुढे हळदीच्या लागवडीसाठी, रोग ओळखण्यासाठी व बाजारभावासाठी नवी साधने निघतील. अशा वेळी गावाने व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट, सूत्र मोकळे आहे हे लक्षात ठेवावे. प्रताधिकार शब्दांवर व मांडणीवर असतो. कल्पनेवर व पद्धतीवर नसतो. कल्पनेवर कोणाचाही प्रताधिकार नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे. पडलेला पाऊस म्हणजे वाहून गेलेले, मातीत राहिलेले, भूगर्भात मुरलेले व बाष्प होऊन गेलेले पाणी यांची बेरीज, हे सूत्र कोणाच्याही मालकीचे नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर, अर्थात दहा हजार लिटर पाणी. समजा गावाचे क्षेत्र ५०० हेक्टर आहे व पाऊस ८०० मिलिमीटर झाला, तर गावावर ४० लाख घनमीटर पाणी पडले. समजा १०० हेक्टर हळदीला पावसाळ्यानंतर ५०० मिलिमीटर पाणी द्यावयाचे आहे, तर त्यासाठी ५ लाख घनमीटर लागेल. हा ढोबळ हिशेब चावडीच्या भिंतीवर खडूनेही मांडता येतो. आज्ञावली तो अधिक अचूक करते, पण गावाला तो समजलेला असला पाहिजे.

दुसरी गोष्ट, गावाची उत्तरे गावात ठेवावीत. दरवर्षीचा ताळेबंद छापून घ्यावा, ग्रामसभेपुढे वाचावा व ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावावा. कोणती माती, किती खोली, कोणती पिके व किती पाऊस धरला, हे भरलेले आकडेही सोबत ठेवावेत. केवळ शेवटचा आकडा ठेवला तर पुढे त्याची तपासणी करता येत नाही. ॲप बंद पडले तरी दहा वर्षांचे कागद बंद पडत नाहीत.

तिसरी गोष्ट, माहितीच्या अधिकाराचा उपयोग करावा. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे, माहिती दिल्याने शासनाखेरीज इतर कोणाच्या प्रताधिकाराचा भंग होत असेल तर अर्ज नाकारता येतो. याचा अर्थ असा की, प्रताधिकार खुद्द शासनाचा असेल तर त्या कलमाचा आधार घेऊन अर्ज नाकारता येत नाही. कलम ८ मधील इतर अपवाद अर्थातच लागू राहतात. मालकी कोणाची, हा प्रश्न कागदी नाही, याचा हा आणखी एक पुरावा. आज्ञावलीच्या मालकीविषयीचे कराराचे कलम मागणे, हा अर्जाचा उत्तम आरंभ होय.

चौथी गोष्ट, नवे साधन गावात आणले जाते तेव्हा प्रशिक्षणाच्या बैठकीतच पुढील प्रश्न नम्रपणे विचारावेत व उत्तरे इतिवृत्तात नोंदवावीत. या आज्ञावलीचा प्रताधिकार कोणाकडे आहे व किती मुदतीसाठी? मूळ आज्ञा शासनाच्या ताब्यात आहेत काय? इतरांना वापरण्याचा व सुधारण्याचा परवाना आहे काय? प्रकल्प संपल्यावर ती कोण चालविणार? आम्ही भरलेली माहिती आम्हाला परत कोणत्या स्वरूपात मिळेल?

पाचवी गोष्ट करार लिहिणाऱ्यांसाठी आहे. नव्याने घडविलेल्या कामाचा प्रताधिकार कायम मुदतीने शासनाकडे येईल असे स्पष्ट लिहावे. कंपनीचे पूर्वीचे साधन त्यात वापरले असल्यास ते वापरीत राहण्याचा हक्क लिहून घ्यावा. मूळ आज्ञा व त्यांची माहितीपुस्तिका हाती आल्याखेरीज शेवटचे देयक काढू नये. आणि सार्वजनिक परवाना कोणता, त्याचे नाव घालावे. सर्व मिळून अर्ध्या पानाचा हा मजकूर आहे. परंतु तो निविदेच्या वेळी लिहिला पाहिजे. आज्ञावली हाती आल्यानंतर तो लिहून घेण्याची शक्ती शासनाकडे फारशी उरत नाही.

विस्ताराचे काम म्हणजे ज्ञान गावापर्यंत पोहोचविणे, असे आपण मानत आलो. बांधबंदिस्ती कशी करावी हे दाखविल्यावर शेतकरी ती स्वतः करू लागला, तेव्हाच ते काम पुरे झाले असे समजले गेले. आज्ञावलीच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी. येत्या हंगामाचा ताळेबंद मांडताना त्याची छापील प्रत व वरील प्रश्नांची उत्तरे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरात लागतील, एवढी दक्षता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी जरूर घ्यावी.